हलका लॅपटॉप आणि दोन-तीन ऑपरेटिंग सिस्टिम: कोणता घ्यावा?

ऑफिसचं काम विंडोजवर, स्वतःचं काम लिनक्सवर, आणि मध्येच तिसरी एखादी सिस्टिम तपासून बघायची. हे सगळं एकाच मशीनवर हवं, आणि ते मशीन रोज पाठीवर वागवायचं. अशा माणसाला लॅपटॉप निवडणं अवघड जातं, कारण जाहिरातीत जे ठळक छापलेलं असतं त्यावरून त्याचा निर्णय होत नाही. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे का, एसएसडीचे स्लॉट किती, वायफायची चिप कुणाची, प्रोसेसर एक्स८६ (इंटेल-एएमडीचा प्रकार) की आर्म (ॲपलच्या स्वतःच्या चिप आणि स्नॅपड्रॅगनचा प्रकार), हे प्रश्न त्याच्यासाठी स्क्रीनच्या झगमगाटापेक्षा महत्त्वाचे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी एक्स८६ प्रोसेसरचा, ३२ जीबी रॅमचा आणि लिनक्सवर नीट चालणारा लॅपटॉप घ्यावा. त्यापायी वजन दोन-तीनशे ग्रॅमनी वाढलं तरी वाढू द्यावं. मॅकबुक एअर उत्तम आहे, पण मॅकओएस लागतंच अशा माणसासाठी.

एका वेळी एक, की सगळ्या एकदम?

पहिला प्रश्न हाच. ड्युअल बूट केलं, म्हणजे दोन सिस्टिम डिस्कवर बसवून मशीन सुरू करताना त्यांतली एक निवडली, तर जी सिस्टिम चालू असेल तिला पूर्ण मशीन मिळतं. बॅटरी, ग्राफिक्स, सगळं तिचंच. गैरसोय एवढीच की दुसरीकडे जायचं तर हातातलं काम बंद करून रीस्टार्ट करावं लागतं. यासाठी १६ जीबी रॅम पुरते, डिस्क मात्र मोठी लागते. ५१२ जीबीत दोन सिस्टिम दाटीवाटीनं बसतात. तिसरी आणायची असेल तर सरळ १ टीबी घ्या.

व्हर्च्युअल मशीनचा (थोडक्यात व्हीएमचा), म्हणजे चालू सिस्टिमच्या आतच एका खिडकीत दुसरी सिस्टिम चालवण्याचा, हिशेब वेगळा. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅमची आहे, पण तेवढ्यात ते रांगतं. कामाचं व्हायला ८ द्यावेत. लिनक्स डेस्कटॉपला ४. मूळ सिस्टिम, तिच्यावर उघडलेला ब्राउझर आणि एडिटर यांना आणखी ८. झाले २० जीबी. १६ जीबीचा लॅपटॉप इथेच कमी पडतो आणि रॅममधला मजकूर डिस्कवर टाकत-काढत (स्वॅप करत) बसतो. म्हणून व्हीएम चालवणाऱ्यांसाठी ३२ जीबी ही चैन नाही, गरज आहे. आणि हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा सोल्डर केलेलीच असते, म्हणजे खरेदीच्या दिवशी जी घेतली तीच शेवटपर्यंत. पैसे वाचवायचेच असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, रॅममध्ये हात आखडू नका.

मुख्य काम विंडोजवर आणि लिनक्स फक्त टर्मिनलपुरतं हवं असेल, तर यापैकी काहीच करायला नको. डब्ल्यूएसएल २ या विंडोजच्याच सोयीत खरा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालतो आणि कमांड लाइनवरचं रोजचं बरंचसं काम त्यात निभतं. फक्त एक लक्षात असू द्या. ते वापरायला हायपर-व्ही ही विंडोजची स्वतःची व्हीएम चालवणारी यंत्रणा चालू होते, आणि त्यानंतर व्हर्च्युअलबॉक्स या दुसऱ्या व्हीएम प्रोग्रॅममधली मशीन मंदावू शकतात. तसं झालं की व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खालच्या पट्टीवर एक छोटं हिरवं कासव दिसायला लागतं. ते दिसलं की समजा, प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आधी हायपर-व्हीने ताब्यात घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सचं काम त्याच्यामार्फत चाललं आहे. डब्ल्यूएसएल आणि विंडोजवरच्या बाकीच्या व्हीएम अशा दोन्ही लागणार असतील, तर त्या व्हीएम हायपर-व्हीमध्येच बनवलेल्या बऱ्या.

मॅकबुक एअर

ॲपलच्या एम२ पासून एम४ पर्यंतच्या चिप असलेल्या १३ इंची एअरचं वजन १.२४ किलो. पंखा नाही, आवाज नाही, बॅटरी दिवसभर सहज. एम४ मध्ये रॅम १६ पासून ३२ जीबीपर्यंत मिळते. मॅकओएस कायदेशीरपणे चालवायचं तर ॲपलचंच मशीन लागतं, कारण त्याचा परवानाच तसा आहे. इंटेल लॅपटॉपवर मॅकओएस बसवण्याची जुनी खटपट आता करू नये. ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकलं की मॅकओएस २६ नंतरची आवृत्ती इंटेल मॅकवर येणार नाही, म्हणजे ती वाट तशीही बंद होत चालली आहे.

पण बाकीच्या सिस्टिमचं काय? ॲपलच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्प (मॅकवर विंडोज बसवण्याची ॲपलची जुनी सोय) नाही, त्यामुळे विंडोज थेट बूट होत नाही. पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्युजन या व्हीएम प्रोग्रॅममध्ये विंडोज ११ ची आर्म आवृत्ती चालते आणि ती चांगलीच चालते. पॅरलल्सला मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये तशी अधिकृत मान्यताही दिली. व्हीएमवेअर फ्युजन २०२४ पासून मोफत आहे. आर्मसाठी बनलेलं उबुंटू किंवा फेडोरा (हे लिनक्सचेच प्रकार) व्हीएममध्ये झकास पळतं. अडतं ते एक्स८६ चीच सिस्टिम हवी असली की. उदाहरणार्थ एखादं जुनं विंडोज, किंवा क्लायंटने दिलेली तयार व्हीएम इमेज. तिथे प्रोसेसरची नक्कल करावी लागते आणि वेग इतका पडतो की काम होत नाही.

लिनक्स थेट बूट करायचं तर ॲपलच्या चिपवर लिनक्स आणणारा ‘असाही लिनक्स’ नावाचा प्रकल्प आहे आणि डिसेंबर २०२३ पासून फेडोराची असाही आवृत्तीही. बाहेरच्या लोकांनी चिप उलगडत जाऊन ड्रायव्हर लिहिले, हे काम खरोखर थक्क करणारं आहे. पण ते एम१ आणि एम२ वरच नीट चालतं. टच आयडी त्यात चालत नाही, आणि यूएसबी-सीवरून बाहेरचा मॉनिटर जोडणं हा तिथला रखडलेला विषय. एअरला यूएसबी-सीशिवाय मॉनिटरची जागाच नाही, म्हणून ही उणीव त्याला जास्त बोचते. एम४ एअर असाहीच्या भरवशावर घेऊ नये.

थिंकपॅड एक्स१ कार्बन

१४ इंची स्क्रीन असून बाराव्या पिढीचं वजन १.०९ किलोच्या आसपास, तेराव्या पिढीचं तर एक किलोच्या किंचित आत. वजनात एअरलाही मागे टाकणारा हा लॅपटॉप विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर सारख्याच सहजतेनं चालतो. लेनोव्होने २०२० पासून थिंकपॅडवर फेडोरा द्यायला सुरुवात केली, उबुंटूही दिलं, आणि बायोसचे (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट लिनक्समधूनच एफडब्ल्यूअपडी या साधनाने येतात. हे शेवटचं किरकोळ वाटेल, पण बायोस अपडेट करण्यापुरतं विंडोज ठेवावं लागणं ही मोठी कटकट असते.

रॅम सोल्डर केलेली. बाराव्या पिढीत ती ६४ जीबीपर्यंत मिळते. तेराव्या पिढीत इंटेलच्या लुनार लेक चिपची मॉडेल आहेत, तिथे मात्र थांबून विचार करा. लुनार लेकमध्ये रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते आणि ती ३२ जीबीच्या वर मिळतच नाही. कोअर आठ, त्यातले चार कमी ताकदीचे, हायपरथ्रेडिंग (एका कोअरने एकाच वेळी दोन कामं हाताळणं) नाही. बॅटरीच्या बाबतीत ही चिप फार गुणी आहे. ड्युअल बूट करणाऱ्याने डोळे झाकून घ्यावी. एका वेळी तीन-चार व्हीएम उघडणाऱ्याने दुसरी चिप बघावी.

एक खोडी मात्र इंटेलच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये आढळते, एक्स१ कार्बनच्या काही मॉडेलांतही. वेबकॅम नेहमीच्या यूएसबी पद्धतीचा नसून एमआयपीआय पद्धतीचा असतो. विंडोजमध्ये तो चालतो, लिनक्समध्ये मात्र बरेच दिवस काळी चौकट दाखवत होता. नव्या कर्नलांत सुधारणा झाली आहे. तरी ज्या मॉडेलवर बोट ठेवलं आहे त्याचा वेबकॅम कोणता, हे बघूनच पुढे जा.

फ्रेमवर्क लॅपटॉप १३

वजन १.३ किलो, म्हणजे एक्स१ कार्बनपेक्षा दोन-तीनशे ग्रॅम जास्त. त्या बदल्यात जे मिळतं ते या कामासाठी मला सर्वांत मोलाचं वाटतं. २०२३ पासूनच्या एएमडी रायझनच्या मॉडेलांत रॅमचे दोन स्लॉट, डीडीआर५ ची ९६ जीबीपर्यंत रॅम आपली आपण बसवता येते. आज १६ घ्या, गरज वाढली की स्क्रूड्रायव्हर घेऊन बसा. फेडोरा आणि उबुंटूला कंपनीचा अधिकृत पाठिंबा आहे.

याहून खास म्हणजे त्याची एक्स्पान्शन कार्डं. लॅपटॉपच्या कडेला चार खाचा असतात, त्यांत यूएसबी, एचडीएमआय अशी हवी ती कार्डं सरकवायची. २५० जीबी आणि १ टीबीचं स्टोरेज कार्डही मिळतं, आणि त्यावरून ऑपरेटिंग सिस्टिम बूट होते. आतल्या एसएसडीवर लिनक्स, कार्डावर विंडोज. विंडोज हवं तेव्हा कार्ड आत, नको तेव्हा बाहेर. पार्टिशनला (डिस्कच्या वाटण्यांना) हात नाही, बूटलोडरची (सुरुवातीला सिस्टिम उचलणाऱ्या प्रोग्रॅमची) भांडणं नाहीत. आतल्या एसएसडीएवढा वेग कार्डाला नाही, आणि सतत चालू राहिलं की ते चांगलंच तापतं. पण महिन्यातून चार वेळा लागणाऱ्या विंडोजसाठी यापेक्षा सुटसुटीत सोय मी पाहिलेली नाही.

उणिवा आहेत. बॅटरी एअरच्या जवळपासही जात नाही, आणि भार पडला की पंखा ऐकू येतो. एएमडीच्या मॉडेलांत वायफायची चिप मीडियाटेकची येते. ती लिनक्सवर चालते, पण नाव ठेवायला जागा उरते. बरेच जण ती काढून इंटेलची बसवतात. तसं करायचं तर एएक्स२१० घ्या. बीई२०० हे नवं कार्ड एएमडी प्रोसेसरबरोबर चालत नाही.

एलजी ग्रॅम आणि स्नॅपड्रॅगनवाले

एलजी ग्रॅमचं नाव या यादीत सहसा येत नाही, यायला हवं. १४ इंची ग्रॅम ९९९ ग्रॅमचा, आणि १६ व १७ इंची अनेक मॉडेलांत एम.२ एसएसडीचे दोन स्लॉट असतात. दोन सिस्टिमना दोन स्वतंत्र डिस्क, तेही सव्वा किलोच्या आसपासच्या मशीनमध्ये. ड्युअल बूटचा यापेक्षा निर्धोक मार्ग नाही. रॅम सोल्डर केलेली, तेवढं सोडलं तर मोठी स्क्रीन हवी असणाऱ्यांनी जरूर बघावा.

स्नॅपड्रॅगन एक्स या आर्म चिपचे लॅपटॉप २०२४ च्या जूनमध्ये आले. १३.८ इंची सरफेस लॅपटॉप १.३४ किलोचा आहे, बॅटरी छान आहे, विंडोज चपळ चालतं. पण अनेक सिस्टिम चालवायला मी हे कुणालाही सुचवणार नाही. व्हीएममध्ये आर्मच्याच सिस्टिम चालतात आणि लिनक्स थेट बसवणं अजून अर्ध्यावर आहे. लिनक्स लॅपटॉपच बनवणाऱ्या टक्सेडो या जर्मन कंपनीने स्नॅपड्रॅगन एक्स एलिटवरचा आपला लॅपटॉप बराच काळ काम करून २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सोडून दिला. ज्यांचा धंदाच तो आहे त्यांना जमलं नाही, तिथे आपण शनिवार-रविवार घालवू नयेत.

बजेट कमी असेल तर

वापरलेला थिंकपॅड टी४८०एस शोधा. १.३२ किलोपासून वजन, रॅमचा एक भाग सोल्डर केलेला पण एक स्लॉट मोकळा, आणि आठव्या पिढीचा इंटेल. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची साधारण इथपासूनचीच मॉडेल आहेत, म्हणून त्याहून जुनं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. बॅटरी मात्र बदलावी लागेल असं धरून चाला.

ड्युअल बूट करणार असाल तर

विंडोजची डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही झालेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) बदललं, की पुढच्या वेळी विंडोज निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून आधीच कागदावर लिहून ठेवा. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि त्याचं पार्टिशन लिनक्समधून लिहिता येत नाही. दोन सिस्टिममध्ये घड्याळ काही तासांनी पुढे-मागे दिसलं तर घाबरू नका. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स जागतिक वेळ. लिनक्सला एका कमांडने समजावता येतं.

अपडेटचा धोका मात्र खरा आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या एका विंडोज अपडेटने कित्येकांचं लिनक्स बूट होणंच बंद पाडलं, आणि त्यावर कायमची दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला. वेगळी डिस्क असली तरी असा घाव चुकतोच असं नाही, कारण अडवणूक फर्मवेअरच्या पातळीवर होते. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून काही इन्स्टॉल न करता लिनक्स चालतं) बॅगेत कायम असू द्या.

तो पेनड्राइव्ह लॅपटॉप घरी आल्या दिवशीच लागतो. काहीही इन्स्टॉल करण्याआधी त्यावरून बूट करा. आवाज येतो का, वेबकॅम दिसतो का, वायफाय पकडतं का, बाहेरचा मॉनिटर लागतो का ते बघा. मग झाकण मिटून लॅपटॉप रात्रभर झोपवून ठेवा आणि सकाळी बॅटरी किती उतरली ते तपासा. रात्रीत दहा टक्क्यांहून जास्त गेली किंवा मशीन जागंच झालं नाही, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत ते परत करा.