रत्नागिरीत लिनक्सवाला लॅपटॉप रिपेअर करणारा माणूस सापडला एकदाचा

माळनाक्याजवळच्या गल्लीत झेरॉक्सच्या शेजारी आहे, दुकानाला धड बोर्डपण नाही त्यामुळे नाव विचारू नका. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली सांगतो.

मी मिऱ्याला राहतो, समुद्र अगदी हाकेवर. शिमग्यात वाडीच्या नमनाचं रेकॉर्डिंग केलेलं, ते ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) कापायला घेतलं आणि लॅपटॉप मुका. आदल्याच आठवड्यात लिनक्स मिंट (माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी असलेली सिस्टम) २१ वरनं २२ वर गेलेलो, म्हणजे आवाज सांभाळणारं पल्सऑडिओ जाऊन त्याच्या जागी पाइपवायर आलेलं, मग काय, सगळा राग त्याच्यावर. पाइपवायर रिस्टार्ट कर, त्याचा जोडीदार वायरप्लंबर रिस्टार्ट कर, सेटिंगच्या फायली उडव, रात्रीचे दोन वाजले तरी मृदंगाचा एक ठोका ऐकू येईल तर शपथ.

सकाळी आधी एका चकाचक एसी दुकानात गेलो. तिथल्या पोराने मिंटचा लोगो बघूनच तोंड वाकडं केलं. "हे काढून विंडोज टाकूया, आठशे होतील, तरी नाय आला आवाज तर बोर्ड गेला समजा." तसाच बाहेर पडलो.

या दुकानातले काका निवांत. चहा संपवला, मग विचारलं, "अपडेट केल्यावर गेला ना? मग अपडेटनेच गेला कशावरून?" आणि ड्रॉवरमधून जुन्या मिंट २१ चा पेनड्राइव्ह काढून त्याच्यावरनं लॅपटॉप चालू केला. तिथे जुनं पल्सऑडिओच, तरीपण आवाज नाही. झालं, पाइपवायर बिचारं सुटलं, मी उगाच रात्रभर शिव्या घातल्या.

मग परत माझ्या सिस्टमवर येऊन पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल उघडलं (नाव जुनं, पण पाइपवायरवरपण चालतं). गाणं लावलं तर पट्टी मस्त नाचत होती, म्हणजे आवाज निघतोय, फक्त भलतीकडे जातोय. कार्डच सापडलं नसतं तर तिथे डमी आउटपुट, म्हणजे नुसतं नावापुरतं, दिसलं असतं म्हणाले. माझ्याकडे दिसत होतं हेडफोन्स, प्लग्ड इन. आणि हेडफोन तर घरी खुंटीला! हे मी रात्री दहा वेळा बघितलेलं, डोक्यात शिरलं नाही.

मग टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (साउंड कार्डचे आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम) उघडलं, एफ ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडलं, स्पीकरच्या खाली एमएम म्हणजे म्यूट. उजवीकडे सरकत सरकत ऑटो-म्यूट मोड (हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद करणारा), तो डिसेबल केला, स्पीकरवरचं एम काढलं आणि धाडकन मृदंग. मी पाकीट काढलं तर म्हणतात, "थांबा हो, हा जुगाड झाला. उद्या हेडफोन लावाल तर दोन्हीकडनं वाजेल."

मोबाइलचा टॉर्च हेडफोनच्या जॅकमध्ये मारून दाखवला, आत हिरवट थर. खारा वारा, दुसरं काय. हेडफोन घातलाय की नाही हे सांगणारी आतली बारीक पट्टी गंजून चिकटलेली, त्यामुळे लॅपटॉपला कायम वाटायचं हेडफोन आहे आणि तो स्पीकर बंद करायचा. काकांनी मागचं झाकण खोलून आधी बॅटरीची वायर काढली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बारीक ब्रश, पाच-सात वेळा प्लग आत-बाहेर, वाळायला अर्धा तास पंख्याखाली. ऑटो-म्यूट परत चालू केला. हेडफोन लावला की स्पीकर गप, काढला की चालू. अडीचशे रुपये घेतले.

आता अर्धा स्टार. दुपारी एक ते चार शटर खाली, दिलेला फोन उचलणार नाहीत आणि यूपीआयचं कोड चिकटवलाय पण पैसे रोखच मागतात, पावती मागितली तर हसले. लांबून येणार असाल तर सकाळी दहाला पोचा, आणि जॅकला लावायचं रबरी बूच तिथेच वीस रुपयाला मिळतं, मी दोन आणलीत, एक भावाच्या लॅपटॉपला, तो तर अगदी बंदरावरच राहतो.