विरार पश्चिमेला स्विमिंग पूलवाला भाड्याचा फ्लॅट: दहा महिन्यांनंतर

बोळींज-डोंगरपाड्याकडचा वन बीएचके. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, 12 बाय 6 मीटरचा पूल, खोली सरासरी 1.2 मीटर. भाडं मेंटेनन्ससकट 12,500, डिपॉझिट 50,000. दसऱ्याला ताबा घेतला, आता श्रावण चालू आहे. फ्लॅटबद्दल फार तक्रार नाही. पूल मात्र दहापैकी साडेसहा महिनेच वापरता आला. ज्यांना पूलसाठीच दोनेक हजार जास्त मोजायचे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एजंट पूल दाखवतो तो संध्याकाळी, दिवे लावून. तुम्ही पंप रूम दाखवा म्हणायचं. या मापाच्या पूलमध्ये साधारण 86,000 लिटर पाणी मावतं. सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायचं तर पंपाने तासाला 14,000 लिटर ओढायला हवं. सँड फिल्टरवरचा प्रेशर गेज बंद पडलेला असेल तर बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टरमधली वाळू धुणं) अंदाजपंचे होतो, म्हणजे बहुतेकदा होतच नाही. वाळू भरली की प्रेशर वाढतं. स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा अर्धा किलो वर गेलं की दोन-तीन मिनिटं उलटं पाणी सोडायचं. भिंतीवर रोजच्या क्लोरीन-पीएचच्या नोंदींची वही टांगलेली नसेल, किंवा महिनाभराच्या नोंदी एकाच पेनने एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसत असतील, तर भाडं कमी करून मागा.

पूल बंद पडण्याचं मूळ कारण पाणी. पश्चिमेला बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं लागतं. महापालिकेचं पाणी कमी आलं की टँकर. उन्हाळ्यात पूलमधलं दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं, या पूलला ते 360 लिटर होतं. आठवड्यातून एक बॅकवॉश धरला तर आणखी सातशे. म्हणजे आठवड्याला साडेचार सेंटिमीटर पातळी खाली. स्किमरच्या, म्हणजे वरचं पाणी पंपाकडे ओढणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या, तोंडाच्या मध्यावर पातळी असते आणि खाली सात-आठ सेंटिमीटरच उरलेले असतात. भर घातली नाही तर अकरा-बारा दिवसांत पंप हवा ओढायला लागतो. मग तो बंद करावा लागतो, आणि एप्रिलच्या उन्हात साचलेलं पाणी तीन-चार दिवसांत हिरवं होतं. पाणीकपातीत कमिटी पूलला पाणी देत नाही, आणि ते बरोबरच आहे, घरात प्यायला नसताना पूल कोण भरणार? इथेही एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत पूल बंदच होता. म्हणून फ्लॅट बघताना वॉचमनला विचारा, मागच्या मे महिन्यात दिवसाला किती टँकर यायचे. सेक्रेटरीपेक्षा तो खरं सांगतो.

पातळी यापेक्षा भराभर उतरत असेल तर गळती. बादली भरून पूलच्या पायरीवर ठेवायची, आतल्या-बाहेरच्या पातळीवर खूण करायची आणि पंप बंद ठेवून 24 तासांनी बघायचं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर बाष्पीभवन. पूलची पातळी जास्त उतरली तर खालच्या पार्किंगचं छत तपासा, ओल तिथे दिसेल.

आता वासाचं. क्लोरीनचा वास भपकन आला की लोकांना पूल स्वच्छ वाटतो. प्रत्यक्षात तो वास घाम-लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो. मोकळा, म्हणजे असा संयोग न झालेला, क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच 7.2 ते 7.8 असेल तर वास जेमतेम येतो. पाणी तपासायचं, पिवळा रंग देणारं ओटीओ किट एकूण क्लोरीन दाखवतं, मोकळा नाही. त्यासाठी गुलाबी रंगाचं डीपीडी किट घ्या. ऑपरेटरला ट्रायक्लोरच्या (हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या) गोळ्या सोप्या वाटतात, तरंगत्या डब्यात टाकल्या की झालं. पण त्यांतून सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात साठत जातं. ते 100 पीपीएमच्या वर गेलं की क्लोरीन आहे पण काम करत नाही, अशी गत होते. उपाय एकच, पाणी काढून नवं भरायचं. एक तृतीयांश म्हणजे 10,000 लिटरचे तीन टँकर. पुन्हा गाडी पाण्यावरच येते.

पावसाळ्यात उलटं. दिवसात 100 मिलिमीटर पडला की पूलमध्ये 7,200 लिटर फुकटचं पाणी येतं, क्लोरीन पातळ होतो, शेवाळ धरतं. जुलैपासून पूल पुन्हा बंद.

इमारत निवडताना फ्लॅटची संख्या मोजा. दीड किलोवॉटचा पंप आठ तास चालला तर महिन्याला 360 युनिट, वर ऑपरेटर आणि लाइफगार्डचा पगार. दोनशे फ्लॅटमध्ये हे जाणवत नाही. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत थकबाकी वाढली की आधी कुलूप पूललाच लागतं. कॉम्प्लेक्स टप्प्याटप्प्याने बांधलं असेल तर महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर पूल कोणत्या टप्प्यात दाखवलाय ते बघा. शेवटच्या टप्प्यात असेल तर तो ब्रोशरवरच आहे असं समजा.

करारात पूलचा उल्लेख आपणहून कोणी करत नाही. ‘सामायिक सुविधांचा वापर भाड्यात समाविष्ट’ हे वाक्य घालून घ्या, नाहीतर भाडेकरूंना वेगळा पास काढायला लावतात. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लागणारा) सर्व्हिस चार्जच्या 10 टक्क्यांपर्यंतच लावता येतो आणि सोसायटी तो सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून घेते. मालक तो तुमच्या गळ्यात मारतो का, बघा. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी सक्तीची आहे. 11 महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवरचं 10 टक्के व्याज, या बेरजेच्या 0.25 टक्के स्टॅम्प ड्युटी. इथे ती शंभरात पूर्ण करून 400 रुपये झाली, नोंदणी फी 1,000 वेगळी.

खाऱ्या वाऱ्याचा हिशेबही धरा. पूलची शिडी 304 ग्रेडच्या स्टीलची असेल तर तांबूस डाग पडतात, 316 टिकते. एसीचं बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर असेल तर त्याचे पत्रे लवकर गंजतात. करारावर सही करण्याआधी त्याचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा.

करार संपायला आलाय. पूल गणपतीनंतर सुरू होईल, असं नोटीस बोर्डावर लिहिलंय. तारीख घातलेली नाही.