कीर्द एकच, खतावण्या हव्या तेवढ्या: गुळाच्या अडत दुकानात लिब्रेऑफिसचा एक हंगाम

गेल्या दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघाले, त्याच दिवशी आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी लिब्रेऑफिस हे हिशेबाचं आणि पत्रांचं सॉफ्टवेअर सुरू केलं. आता आषाढ लागलाय. गुऱ्हाळं बंद आहेत, आवक नावापुरती आहे, म्हणून निवांत लिहायला बसले. दोन दिवस वापरून चार ओळी लिहिणं वेगळं आणि अख्खा हंगाम त्यावर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या हिशेबाचे कागद, काढणं वेगळं. हे हंगामानंतरचं लिहिणं आहे.

आधी थोडं कामाबद्दल. मी अडत दुकानात हिशेब बघते. करवीर, पन्हाळा, राधानगरी या भागांतून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, येतात, सौदा होतो, वजन होतं आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी जाते. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा. जीएसटी आणि वर्षअखेरचं सगळं सीए त्यांच्या सॉफ्टवेअरवर करतात, पण रोजची नोंद, पट्टी आणि गोषवारा माझ्याकडे. आधीच्या पॅकेजची वर्षाची मुदत संपत आली होती. मालक, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, “दरवर्षी पैसे भरायलाच पाहिजेत काय? दुसरं काही असलं तर बघ की.” म्हणून हे घेतलं. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि दुकानात धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे. २०१० साली ओपनऑफिसमधून ते वेगळं झालं आणि आता जर्मनीतली द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. त्यातलं कॅल्क म्हणजे हिशेबाचं पान आणि रायटर म्हणजे पत्रं लिहायचं. पुढं जे सांगते त्यातलं बरंचसं तुमच्याकडं एक्सेल असलं तरी लागू पडेल.

पहिले पंधरा दिवस मी जुनीच पद्धत नव्या सॉफ्टवेअरमध्ये चालवली. प्रत्येक शेतकऱ्याची वेगळी शीट, वर मर्ज केलेल्या चौकटीत त्याचं नाव, दोन दिवसांच्या मध्ये एक मोकळी ओळ, वर पिवळा रंग. दिसायला देखणं. पण आज एकूण किती क्विंटल आवक झाली एवढं सांगायला शीटमागून शीट उघडून कॅल्क्युलेटरवर बेरीज मारावी लागायची.

आमचे जुने दिवाणजी सत्तरीच्या पुढचे आहेत, पण सौद्याच्या दिवशी अजून दुकानात येऊन बसतात. त्यांनी एकदा मागून बघितलं आणि म्हणाले, “पोरी, कीर्द न लिहिताच खतावणी लिहायला बसलीस होय? मग ताळा कशाशी घालणार?”

या एका वाक्यानं माझं काम बदललं. ज्यांनी हाताने वह्या लिहिल्या आहेत त्यांना ठाऊक असतं. कीर्दीत दिवसभरात जे जसं घडलं ते त्याच क्रमानं लिहायचं, आणि मग त्यातून खात्या-खात्याला खतावणी करायची. मी सगळ्या शीट पुसल्या आणि एकच शीट केली. नावच ‘कीर्द’ ठेवलं. तारीख, पट्टी नंबर, शेतकरी, गाव, नग, वजन, भाव, रक्कम, हमाली, तोलाई, उचल, व्यापारी. एका व्यवहाराला एक ओळ. मध्ये मोकळी ओळ नाही, मर्ज केलेली चौकट नाही, मध्येच बेरीज नाही. वरची नावांची ओळ व्ह्यू मेनूतून फ्रीझ केली, म्हणजे हजाराव्या ओळीलाही कुठल्या रकान्यात काय हे डोळ्यांसमोर राहतं.

आणि खतावणी? ती पिव्हट टेबल करतं, म्हणजे नोंदींतून हव्या त्या नावाप्रमाणे बेरजा काढून देणारा तक्ता. या शब्दाला मी वर्षानुवर्षं भ्यायले होते. प्रत्यक्षात करायचं एवढंच: कीर्दीत कुठंही क्लिक करा, इन्सर्ट मेनूतून पिव्हट टेबल घ्या, ‘शेतकरी’ हे नाव ओढून ओळींच्या चौकटीत टाका, ‘वजन’ आणि ‘रक्कम’ डेटाच्या चौकटीत टाका, ओके म्हणा. सगळ्या शेतकऱ्यांची खतावणी समोर. शेतकऱ्याच्या जागी ‘व्यापारी’ टाकलं की व्यापाऱ्यांची, ‘गाव’ टाकलं की गाववार. दिवाणजींना दाखवलं तेव्हा ते स्क्रीनच्या जवळ आले, दोन नावांची बेरीज तोंडी करून बघितली आणि म्हणाले, “ही तर खतावणीच की!”

फेब्रुवारीत सांगरूळकडचे एक शेतकरी आले. “ताई, माझं यंदाचं सगळं मिळून किती झालं बघता काय?” मी पिव्हटमध्ये त्यांच्या नावासमोरच्या रकमेवर डबल क्लिक केलं. असं केलं की त्या आकड्यामागच्या सगळ्या ओळी वेगळ्या शीटवर निघून येतात. पहिलीच ओळ होती ३० किलोचे ४० रवे, १२ क्विंटल, भाव ४,२५०, रक्कम ५१,०००. त्यांनी खिशातून आपली छोटी डायरी काढली आणि आम्ही ओळीला ओळ लावत गेलो. सात नोंदी, सातही जुळल्या. आधी मला या कामाला अर्धा तास लागायचा आणि तरीही माणूस शंका घेऊनच उठायचा. त्या दिवशी ते छापलेला कागद घडी करून डायरीत ठेवून गेले.

पिव्हटबद्दल दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. ते आपोआप ताजं होत नाही. कीर्दीत नवीन ओळी लिहिल्यावर पिव्हटवर उजवं क्लिक करून रिफ्रेश द्यावं लागतं. आणि पिव्हट बनवताना जेवढ्या ओळींची रेंज दिली तेवढ्याच तो बघतो, खाली वाढलेल्या ओळी त्याला दिसत नाहीत. मी सुरुवातीलाच पाच हजार ओळींपर्यंत रेंज देते आणि मोकळ्या ओळींचा जो एक गट दिसतो तो फिल्टरमधून काढते.

आता नावं. पिव्हटला माणूस कळत नाही, अक्षरं कळतात. मी कधी ‘कसबा बावडा’, कधी ‘क. बावडा’, कधी नुसतं ‘बावडा’ लिहीत होते, तर गाववार गोषवाऱ्यात तीन गावं झाली. त्यावर उपाय म्हणजे वेगळ्या शीटवर गावांची आणि शेतकऱ्यांची यादी करायची, कीर्दीतला रकाना निवडून डेटा मेनूतल्या व्हॅलिडिटीत जायचं, सेल रेंज निवडून ती यादी दाखवायची. मग चौकटीत यादी उघडते आणि त्यातलंच नाव घेता येतं.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट, जिनं माझा एक दिवस खाल्ला. फिल्टरमध्ये एकच नाव दोनदा दिसत होतं. वेलांटी, उकार, मोकळी जागा, सगळं सारखं. नावात ‘ऱ्ह’ होता. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागं न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला अक्षर तेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. दुकानाच्या कीबोर्डवरून एक यायचं आणि फोनवरून पाठवलेल्या यादीतून दुसरं. ‘गुऱ्हाळ’, ‘कुऱ्हाडे’ असे शब्द ज्यांच्या यादीत आहेत त्यांनी नावं हाताने टाइप करूच नयेत, यादीतून निवडावीत.

तारखांचं तसंच. आधीच्या फाइलीतल्या तारखा आणल्या तेव्हा ५ नोव्हेंबर ही ११ मे झाली होती, आणि १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या तारखा नुसता मजकूर म्हणून डावीकडं चिकटल्या होत्या. सेटिंग अमेरिकन इंग्रजीचं होतं, तिथं महिना आधी आणि दिवस नंतर. टूल्स, ऑप्शन्स, भाषांच्या पानावर जाऊन लोकेल इंग्लिश (इंडिया) करा, आणि हे पहिली नोंद लिहायच्या आधी करा. आजची तारीख टाकायला कंट्रोल आणि सेमीकोलन दाबलं की पुरे.

जानेवारीतली एक संध्याकाळ मला विसरता येणार नाही. दिवसाची बेरीज लागेना. पट्ट्यांची बेरीज वेगळी, शीटची वेगळी. फरक बरोबर एका पट्टीएवढा, पण सगळ्या पट्ट्या शीटवर दिसत होत्या. साडेआठ वाजले, यार्डातले दिवे मालवायला लागले, तरी मी आकड्यांवरून बोट फिरवत बसले होते. शेवटी मेनू चाळताना व्ह्यूमधलं व्हॅल्यू हायलायटिंग दाबून बघितलं. कंट्रोल आणि एफ ८ यांनीही ते होतं. क्षणात सगळी शीट रंगली. आकडे निळे, सूत्रं हिरवी, मजकूर काळा. रकमेच्या निळ्या रकान्यात एकच आकडा काळा. फोनवरच्या मेसेजमधून कॉपी करून चिकटवला होता, त्याच्याबरोबर डोळ्याला न दिसणारं काहीतरी आलं होतं. कॅल्कनं त्याला मजकूर मानलं आणि बेरजेत धरलं नाही, कुठली सूचनाही नाही, कारण बेरीज मजकूर सोडूनच देते. आकडा परत टाइप केला, बेरीज लागली. त्या दिवसापासून दुकान बंद करायच्या आधी कंट्रोल एफ ८ दाबल्याशिवाय मी उठत नाही. लिब्रेऑफिसमधली मला सगळ्यात आवडलेली सोय कुठली म्हणाल तर हीच. बाहेरून आलेलं काहीही चिकटवताना नुसतं कंट्रोल व्ही न करता कंट्रोल शिफ्ट व्ही करून काय चिकटवायचं ते निवडायची सवयही तेव्हाच लागली.

रायटरबद्दल थोडक्यात. मराठी लिहिणाऱ्याला त्यात एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. इंग्रजीचा फॉन्ट आणि मराठीचा फॉन्ट या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. त्यामुळं अक्षर मोठं करावं तर इंग्रजी आकडे मोठे होतात आणि मराठी तसंच राहतं, असं वाटून माणूस वैतागतो. एफ ११ दाबून स्टाइल्स उघडा, मुख्य मजकुराच्या स्टाइलवर उजवं क्लिक करून फॉन्टच्या पानावर दोन्ही ठरवून टाका. त्याआधी भाषांच्या पानावर सीटीएल, म्हणजे मराठीसारख्या लिप्यांची सोय, चालू करून तिथं मराठी निवडा. एकदा केलं की संपलं. मथळ्यासाठी कंट्रोल १, साध्या मजकुरासाठी कंट्रोल ०. गुजरातच्या व्यापाऱ्यांना जाणाऱ्या पत्रात दुकानाचा पत्ता आणि बँकेचा तपशील दर वेळी तोच, तो ऑटोटेक्स्टमध्ये ठेवलाय. दोन अक्षरं लिहून एफ ३ दाबलं की तो सगळा मजकूर येतो. खाते क्रमांकाचा एकही आकडा आता हाताने लिहिला जात नाही, आणि पैशाच्या कामात ही मोठी गोष्ट आहे.

छपाईला फॉरमॅट मेनूतून पेज स्टाइलमध्ये जाऊन शीटच्या पानावर रुंदी एका पानात बसवायला सांगा. शेवटचा एक रकाना वेगळ्या कागदावर जायचं थांबतं.

फाइल कुठल्या प्रकारात ठेवायची यावर मी सुरुवातीला घोळ घातला. सीएंना एक्सेलची लागते म्हणून मी मूळ फाइलच त्या प्रकारात ठेवली होती. दोन सॉफ्टवेअरमध्ये अशी ये-जा केली की फाइलीतली काही मांडणी बदलू शकते. आता मूळ फाइल ओडीएस प्रकारात, कॅल्कच्या स्वतःच्या. २००६ पासून हा आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा मान्य प्रकार आहे, म्हणून उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी वह्या उघडतील ही खात्री वाटते. सीएंना महिन्याला एक वेगळी प्रत एक्सेलमध्ये करून देते. ते त्यात काय बदल करतील तो त्यांच्या प्रतीत.

मे महिन्यात वळवाच्या पावसात दुपारी चारला लाइट गेली. पंधरा पट्ट्या लिहून झाल्या होत्या. परत चालू केल्यावर ऑटोरिकव्हरीनं फाइल उघडून दिली, पण शेवटच्या चार नव्हत्या. ती दर दहा मिनिटांनीच काम जपून ठेवते. टूल्स, ऑप्शन्समधल्या लोड-सेव्हच्या पानावर ती वेळ तीन मिनिटांवर आणा आणि तिथंच ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’ यावर खूण आहे ना ते बघा, म्हणजे सेव्ह करताना आधीची फाइलही शिल्लक राहते. तरी ऑटोरिकव्हरी म्हणजे सेव्ह नव्हे. आता मी प्रत्येक पट्टी छापल्यावर कंट्रोल एस दाबते, आणि शनिवारी संध्याकाळी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन अण्णांच्या कपाटात ठेवते.

ज्याचा उपयोग झाला नाही तेही सांगते. शॉर्टकटची दोन पानी यादी भिंतीला लावली होती, त्यातले पाचच हातात बसले. मॅक्रो, म्हणजे तेच ते काम आपोआप करून घ्यायच्या सूचना, शिकण्यात डिसेंबरचे तीन रविवार गेले, दुकानाला त्याची गरजच नव्हती. उलट एक्सलुकअप हे सूत्र माझ्या रोजच्या उपयोगाचं ठरलं. पट्टीत शेतकऱ्याचं नाव घेतलं की उचलीच्या शीटवरून त्याची बाकी आपोआप येते. मात्र त्यासाठी २४.८ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. ते कॅल्कमध्ये ऑगस्ट २०२४ पासून आलंय. तुमच्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती असेल तर ती आधी बदला.

या पावसाळ्यात एक काम उरलंय. जुन्या वर्षांच्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे आता सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ‘वडणगे’ या गावाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो, म्हणून त्या शोधताही येत नाहीत आणि कीर्दीला जोडताही येत नाहीत. रोज दुपारी दिवाणजी शेजारी बसून छापील वहीतून नाव वाचतात आणि मी ते यादीतून निवडते. कालपर्यंत दोन वर्षांच्या फाइली झाल्या.