दिव्यांग पोरांना शिकवायला अंगणवाडीताईच्या जास्त कामी काय येतं, तालुक्याचं ट्रेनिंग की जागेवर येऊन दाखवणारा माणूस?
ट्रेनिंग पाहिजेच, दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, २०२३ मध्ये अंगणवाडीसाठी दिव्यांग मुलांचा वेगळा प्रोटोकॉल, म्हणजे काम कसं करायचं ते सांगणारी पद्धत, आला, हे तिथंच कळतं. पण हॉलमधी पीपीटी पाहून गावात परतलं की समोर गोंगाट करणारे पोट्टे, त्यात एकाला नीट ऐकू येत नाही, मग? तेच विशेष शिक्षक अंगणवाडीतच येऊन बसला तर तो त्या पोराला गोंगाटापासून दूर, ताईच्या तोंडासमोर बसवतो, गाण्याला हाताच्या खुणा जोडतो अन् बाकीचे पोट्टेही लगेच त्याच खुणा करून राहतात. ताई पाहूनच शिकते बाप्पा. फक्त मेळघाटासारख्या दुर्गम भागात असा माणूस महिन्यातून एकदा आला तरी लय झालं. तरी मी जागेवर येणारा माणूसच निवडीन, फक्त मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवून त्याला विचारता आलं पाहिजे.