नेल: वेब वाचून शिकणारं मशीन, माझ्याकडून साडेतीन स्टार

नेल म्हणजे नेव्हर एंडिंग लँग्वेज लर्नर. कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत टॉम मिचेल आणि त्यांच्या टीमने जानेवारी २०१० मध्ये हा प्रोग्राम चालू केला, काम एकच, रात्रंदिवस वेबपेजेस वाचायची आणि त्यातून फॅक्ट्स गोळा करायच्या. चॅटबॉट समजून जाल तर वैतागाल, गप्पाबिप्पा काही नाही, नुसती प्रचंड यादी, अमुक हे शहर, तमुक हा खेळाडू, तो ह्या टीमकडून खेळतो वगैरे.

पण ती यादी बनते कशी ते खरंच भारी आहे! प्रत्येक प्रकाराची १०-१५ उदाहरणं माणसं देतात, म्हणजे समजा थोडी शहरं दिली, की हा वाचता वाचता पकडतो की 'मेयर ऑफ' च्या पुढे बहुतेक शहरच येतं, मग त्या पॅटर्नने नवी शहरं शोधायची आणि नव्या शहरांवरून परत नवे पॅटर्न. आणि जे शहर आहे ते माणूस असू शकत नाही असले नियम आधीच घालून दिलेत, त्यामुळे बराच कचरा दारातच अडतो.

बराच, सगळा नाही. कुकीजचा किस्सा फेमस आहे, इंटरनेट कुकीज (वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) ह्याने बेकरीच्या पदार्थांत टाकल्या, मग लोक कुकीज डिलीट करतात तशा फाइल्सपण डिलीट करतात, म्हणून फाइल्सपण बेकरीत 😂 शेवटी माणसांनीच निस्तरलं. इथेच माझे स्टार कापले गेले. २०१० च्या त्यांच्याच रिसर्च पेपरमध्ये आहे, ६७ दिवसांत २,४२,००० च्या वर फॅक्ट्स, त्यातल्या अंदाजे ७४% बरोबर. ऐकायला बरं वाटतं, पण ते दिवस तीन टप्प्यांत पाडले तर आकडे ९०, ७१ आणि ५७ टक्के असे उतरत जातात, म्हणजे सोपं आधी संपलं आणि वर स्वतःच्याच चुका खरं मानून पुढे शिकत गेला.

तरी आवडला, कारण लपवाछपवी नाही. प्रत्येक फॅक्टसमोर खात्री किती आणि ती कुठल्या पॅटर्नवरून आली हे दिसायचं, चुकीचं वाटलं तर तसं कळवायची सोय होती. हल्लीचे बॉट कसे छातीठोक सांगून मोकळे होतात, त्यापेक्षा हे परवडलं बाबा.

क्विझच्या तयारीला नका वापरू. मशीन लर्निंग शिकत असाल तर तो पेपर मात्र वाचाच, फॉर्म्युल्यांना घाबरत असाल तरी त्यातला चुकांचा भाग तरी.