कारसीट की कॅरिअर? आधी गाडी कोणती ते सांगा

"ताई, दहा हजारांत बसवायचंय. कारसीट घेऊ की कॅरिअर?"

मावसबहीण ठाण्यात राहते. बाळ सात महिन्यांचं, दारात एक छोटी हॅचबॅक आणि एक स्कूटर, दिवाळीला चिपळूणला सासरी जायचं ठरलेलं. तिचा कल कॅरिअरकडे, म्हणजे बाळाला अंगाशी बांधून न्यायच्या पट्ट्यांच्या झोळीकडे होता. तो सगळीकडे चालतो, घडी करून कपाटात ठेवता येतो. कारसीट म्हणजे बाळाला गाडीत पट्ट्यांनी बांधून बसवायची वेगळी खुर्ची, मागची एक जागा कायमची अडवून बसणारं धूड. हिशेब तसा बरोबर आहे. फक्त त्यात तिने धरून चाललंय की गाडीतही कॅरिअर चालेल, आणि नेमकं तेच चालत नाही.

का चालत नाही, हे आकड्यांत बघू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात आहे आणि धडकून साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. म्हणजे नऊ किलोचं बाळ त्या क्षणी १८० किलोच्या ओढीने पुढे जातं. कुणाच्या हातात तेवढं बळ नसतं; आईच्याही नाही, आणि माझ्या सासूबाईंच्या मांडीतही नाही, जी आमच्या घरात सर्वांत सुरक्षित जागा समजली जाते. कॅरिअरचे बंद बाळाचं वजन चालताना पेलायला शिवलेले असतात, धडक सोसायला नाही. शिवाय कॅरिअर घालून तुम्ही स्वतःचा पट्टा दोघांच्या वरून लावलात तर तुमचं शरीर बाळाला पट्ट्यावर दाबणार. पट्टा लावलाच नाहीत तर पुढच्या सीटवर दाबणार.

कायद्याचं म्हणाल, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आहे. १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालआसनात बांधलेलं नसेल तर चालकाला हजार रुपये दंड. हा दंड भरलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही, त्यामुळे दंडाच्या भीतीने कुणी सीट घेईल असं वाटत नाही.

कारसीटमध्ये नेमकं काय घ्यायचं

दुकानात चार प्रकार दिसतात. पहिली टोपलीसारखी, वर दांडी असलेली. जन्मापासून १३ किलोपर्यंत म्हणतात, पण वजनाच्या आधी उंची संपते. सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास डोकं वरच्या कडेला टेकायला लागतं. बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी आणण्यापासून वापरणार असाल तर छान. सात महिन्यांच्या बाळासाठी आता घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

दुसरी कन्व्हर्टिबल. आधी मागे तोंड करून, मग पुढे तोंड करून, १८ किलोपर्यंत, म्हणजे साधारण चौथ्या वर्षापर्यंत. माझ्या मते बहुतेक घरांनी हीच घ्यावी.

तिसरा बूस्टर. तो १५ किलोनंतरचा, मोठ्यांचा पट्टा मुलाच्या गळ्यावर न येता खांद्यावरून आणि पोटावर न येता कमरेच्या हाडावरून जावा म्हणून मुलाला उंच करणारा. त्याला अजून वेळ आहे. चौथा, जन्मापासून बारा वर्षांपर्यंत चालणारा आणि गोल फिरणाराही मिळतो. फिरवून मुलाला दाराकडे वळवता येतं, हे कंबरदुखी असलेल्यांना मोठं सुख. पण तो जड असतो, महाग असतो आणि छोट्या हॅचबॅकमध्ये घातला की पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात.

मागे तोंड करून किती दिवस बसवायचं, यावर घरोघरी वाद होतात. "तिला काही दिसत नाही", "पाय दुमडतात". पाय दुमडू द्या, मुलं घरातही मांडी घालूनच बसतात. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने खूप मोठं आणि मान कच्ची असते. समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान, डोकं सगळं एकत्र सीटच्या पाठीवर रेलतं; पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यात अडकतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. युरोपातल्या नव्या नियमाप्रमाणे, ज्याला आर-१२९ म्हणतात, किमान १५ महिने मागे तोंड सक्तीचं आहे. स्वीडनमध्ये तर लोक चार वर्षांपर्यंत तसंच बसवतात. आणि मागे तोंड असलेली सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही नाही. एअरबॅग फुगते ती थेट सीटच्या पाठीवर आदळते.

घेताना लेबल बघा. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२, किंवा युरोपातल्या आर-४४ अथवा आर-१२९चं नारिंगी लेबल. कापडी गादीला चार पट्टे शिवून "कारसीट" म्हणून विकतात, ते ऑनलाइन स्वस्तात दिसेल. त्यापासून लांब राहा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गाडी घेऊन दुकानात जा. मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बसायच्या भागाच्या फटीत बोटं घालून बघा, लोखंडी दांड्या लागल्या तर आयसोफिक्स, म्हणजे सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायची सोय आहे. मग सीट खटकन बसते, चूक व्हायला फार वाव राहत नाही. नसेल तर पट्ट्याने बांधायची, आणि तिथे एक पेच येतो. मागे तोंड असलेल्या सीटभोवती फिरवायला काही गाड्यांचा पट्टा चक्क पुरत नाही. घरी आणून कळण्यापेक्षा दुकानाच्या दारात कळलेलं बरं. सीएनजीची टाकी असेल तर डिकी आधीच भरलेली. टोपलीचं, कॅरिअरचं, डायपरच्या थैलीचं काय करणार, तेही त्याच वेळी बघून घ्या.

पट्ट्याने बांधताना सीटमध्ये एक गुडघा रोवून, अंगाचा भार टाकून, दुसऱ्या हाताने पट्टा ओढत राहायचं. माझा नवरा पहिल्यांदा हे करत होता तेव्हा सोसायटीचा वॉचमन मदतीला धावला, त्याला वाटलं काहीतरी अडकलंय. बांधल्यावर पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी येत असेल तर तो सैल आहे. महाबळेश्वरच्या थंडीत जाडजूड स्वेटर घालून पट्टा लावला की घट्ट वाटतो, प्रत्यक्षात स्वेटरच घट्ट असतो. आधी पट्टा, वरून शाल.

रडण्याचं काय

कॅरिअरवाल्यांचा हा सर्वांत खरा मुद्दा. कॅरिअरमध्ये बाळ शांत असतं, कारसीटमध्ये कोकलतं.

आमची अकरा महिन्यांची असताना पुण्याहून गुहागरला निघालो होतो. पाटण गेलं आणि तिने सूर लावला. कुंभार्ली घाट समोर, ऊन वाढतंय, मागे तिच्या शेजारी सासूबाई. "अगं, काढ तिला. दहा मिनिटं मांडीवर घेते. हळूच चालवायला सांग त्याला." मला काढायचीच होती, खोटं कशाला बोलू. हात बकलवर गेलाही होता. शेवटी कोयनानगरला गाडी कडेला घेतली, तिला बाहेर काढलं, कॅरिअरमध्ये घालून वीस मिनिटं टपरीपुढे येरझाऱ्या घातल्या. सासूबाईंनी चहा घेतला. मुलगी झोपली, तशीच उचलून सीटमध्ये ठेवली, घाट उतरेपर्यंत हू की चू नाही. पोहोचायला उशीर झाला.

लहान बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त कारसीटमध्ये ठेवू नये असं सांगतातच. अगदी तान्ह्याला त्याहून पुष्कळ कमी. ठाणे ते चिपळूण म्हणजे पेण, माणगाव, पोलादपूर असे थांबे धरूनच वेळ काढा. दूध पाजायचं तेही गाडी थांबवून. मुक्कामाला पोहोचल्यावर टोपलीत झोपलेलं बाळ तसंच सोफ्यावर ठेवायचा मोह होतो, तो टाळा. मान पुढे पडून श्वास अडू शकतो. थोड्या मोठ्या मुलांना घाटात गाडी लागते, मागे तोंड असेल तर जरा अधिकच असा माझा अनुभव. निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका, एवढाच माझा उपाय.

कॅरिअर जिथे जिंकतो

गाडीचं दार बंद झालं की पारडं पूर्ण फिरतं. ठाणे स्टेशनचा जिना, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात तिकीट दाखवणारा मोबाइल, बाळ कुठे धरणार? चिपळूणला कोकण रेल्वेने जाणार असाल तर कारसीट घरीच राहू द्या, कॅरिअर घ्या, आणि मला पुढचं काही विचारू नका. एसटीचंही तेच. एसटीत लहान मुलाला बांधायची सोय नाही. मधली जागा धरायची, पुढची किंवा दाराजवळची नाही.

विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर, आईच्या पट्ट्याला जोडलेल्या छोट्या पट्ट्यात बसतं. उडताना-उतरताना कॅरिअरमधून काढायला सांगतात, पण विमानतळावरच्या रांगांमध्ये त्याच्यासारखा सोबती नाही.

आपल्याला यात नवं काही नाही. कडेवर घेणं, पाठुंगळी घेणं, लुगड्याची झोळी करणं हे आजीपणजीचं तंत्र. कडेवरचं मूल बघा: गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्या फाकलेल्या, पाय आईच्या कमरेला विळखा घालून. वाढत्या खुब्याला हीच बैठक मानवते. बाजारातल्या स्वस्त कॅरिअरमध्ये बाळ दोन मांड्यांमधल्या अरुंद पट्टीवर लटकतं आणि पाय खाली लोंबकळतात. ते नको. बैठकीचं कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोहोचलं पाहिजे. बाळ इतकं वर असावं की मान वाकवली तर त्याच्या टाळूचा पापा घेता येईल. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं मावावीत, तोंड कापडाने झाकलेलं नसावं. तोंड बाहेर करून न्यायचं तर मान पक्की धरायला लागल्यावरच.

लांब कापड गुंडाळायचा प्रकार तान्ह्यासाठी मायेचा, पण मुंबईच्या मे महिन्यात आई आणि बाळ दोघंही उकडून निघतात. कमरपट्ट्याचा, जाळीच्या पाठीचा कॅरिअर आपल्या हवेला बरा. वजन कमरेवर येतं, खांदे सुटतात. आम्ही तो घालून जेजुरीच्या पायऱ्या चढलो. बाबागाडी खाली चपलांच्या दुकानात ठेवणारी दोन जोडपी दिसली.

स्कूटरवर काय

काहीही नाही, असं माझं मत. निदान वर्षभराचं होईपर्यंत तरी. छातीशी कॅरिअर बांधून स्कूटरवर मागे बसलेल्या आया रोज दिसतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. २०२२ साली केंद्राने नियम केला आणि पुढच्या वर्षीपासून लागू केला: चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडलेला हार्नेस, नऊ महिन्यांवरच्याला मापाचं हेल्मेट आणि वेग ४०च्या आत. हा हार्नेस म्हणजे मुलाच्या अंगात जाकिटासारखा आणि चालकाच्या खांद्यांवरून पट्टे असलेला. झोपाळलेलं मूल कलंडून पडू नये याला त्याचा उपयोग आहे, धडकेपासून तो वाचवत नाही. कॅरिअर हा त्याचा पर्याय धरू नका.

भाड्याची गाडी

इथे सगळे नियम गुंडाळून ठेवावे लागतात असं वाटतं, पण तसं नाही. लग्नाला भाड्याने गाडी केली होती. सीट घेऊन उतरलो तर मागे बकलच नाही. "ताई, मागं कोण बेल्ट लावतं?" चालकाने मनापासून विचारलं. बकल होतं, नव्या रेक्झिनच्या कव्हरखाली दाबून टाकलेलं. कव्हरचा बंद सोडून, फटीत हात घालून ते बाहेर काढायला पंधरा मिनिटं गेली. तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोन करून सांगते, मागची बकलं वर काढून ठेवा.

अमेरिकेत लेकीकडे जाताना इथली सीट नेऊ नका. तिथे त्यांच्याच मानकाची लागते. ब्रिटनमध्ये १३५ सेंटिमीटर किंवा बारा वर्षं, जर्मनीत १५० सेंटिमीटर किंवा बारा वर्षं होईपर्यंत मूल सीटविना नेता येत नाही. नातवंडांना फिरायला नेणाऱ्या आजोबांनी हे ध्यानात ठेवावं.

मग दहा हजारांचं काय

मावसबहिणीला मी म्हटलं, रेल्वेने जाणार असशील तर कॅरिअर घे आणि सीट पुढच्या वर्षी. गाडीनेच जाणार असशील तर सगळे पैसे कन्व्हर्टिबलमध्ये घाल. ती म्हणाली, गाडीनेच. मग जुनी सीट मिळाली तर?

पाळणा आपल्याकडे चार घरं फिरतो, तसं कारसीटचं करता येत नाही. एकदा अपघातात सापडलेली सीट वरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते. उन्हात प्लॅस्टिकही जुनं होतं. मागे बनवल्याची तारीख, काहींवर मुदतही छापलेली असते. सख्ख्या नणंदेची, जिचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, माहितीपुस्तिकेसकट, ती घ्या. ऑनलाइन अनोळखी माणसाकडून नको. जुन्या कॅरिअरला मात्र फारशी भीती नाही. शिवण उसवलेली नाही ना, बकल खटकन बसतंय ना, एवढं बघितलं की झालं.

म्हणून माझाच कॅरिअर तिला पाठवतेय. दोनदा भिजवून धुतला, तरी जेजुरीचा भंडारा पट्ट्यांमधून गेलेला नाही. तेवढं तिला आधीच सांगितलंय.