संगणकप्रमुख, कंत्राटी तज्ज्ञ की घरचाच उपायुक्त?

मुख्य डेटा अधिकारी नेमायचा विषय टिपणीवर आला की आपल्याकडे उत्तर आधीच तयार असतं. संगणक विभागाच्या प्रमुखाला अतिरिक्त कार्यभार द्या, कार्यालयीन आदेश काढा, विषय मिटला. नागपुरातल्या ज्या कार्यालयांत सध्या अशी नस्ती फिरत असेल, त्यांनी सही करण्याआधी इतर दोन पर्याय निदान बघून घ्यावेत: बाहेरून कंत्राटावर आणलेला तज्ज्ञ, आणि इतर टेबलांतून मोकळा केलेला उपायुक्त दर्जाचा घरचा अधिकारी.

आधी या माणसाला करायचं काय आहे ते पाहू. नागपुरातल्या महाल भागातलं एखादं जुनं घर घ्या. मालमत्ता कराच्या नोंदीत ते आजोबांच्या नावावर, आखीव पत्रिकेवर (म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर) तीन भावांची नावं, नळाचं बिल मात्र कधीच सोडून गेलेल्या भाडेकरूच्या नावानं. पत्ता एकीकडे घर क्रमांकानं, दुसरीकडे ‘मंदिराच्या मागे’. कराचा इंडेक्स क्रमांक आणि नळाचा ग्राहक क्रमांक एकमेकांना ओळखत नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) जुन्या ले-आउटमध्ये, भूखंडाचा क्रमांक मंजूर नकाशात एक आणि कराच्या यादीत दुसरा. हे जुळवायला सॉफ्टवेअर लागतं, पण ते सर्वांत शेवटी. त्याआधी कुणीतरी ठरवावं लागतं की कुठल्या रजिस्टरातली नोंद प्रमाण धरायची, आणि ज्या विभागाची नोंद मागे पडेल त्याच्या गळी ते उतरवावं लागतं. म्हणजे हे काम निम्म्याहून अधिक तंटा सोडवण्याचं आहे. तिन्ही उमेदवार याच कसोटीवर घासून बघायला हवेत.

संगणकप्रमुख

याच्या बाजूनं बोलायला बरंच आहे. सर्व्हर कुठे आहे, बॅकअप शेवटचा कधी घेतला, जुन्या कंत्राटदाराकडे अजून कुठला पासवर्ड अडकलाय, हे त्यालाच माहीत. नवं पद निर्माण करावं लागत नाही, वित्त विभाग हरकत घेत नाही, आदेश एका दिवसात निघतो.

अडचण त्याच्या दिवसात आहे. सकाळी व्हिडिओ कॉन्फरन्सचा आवाज येत नाही, दुपारी कुणाचं ई-ऑफिसचं लॉगिन बंद, संध्याकाळी प्रिंटरचं टोनर. यातून उरलेल्या वेळात तो डेटा अधिकारी. त्यातच आस्थापनेवर तो कर विभागाच्या प्रमुखाच्या बरोबरीचा किंवा खालचा. त्यानं यादी मागितली की पलीकडचा बाबू गोड बोलतो, “देतो ना भाऊ, पन साहेबाचं पत्र आना आधी.” ते पत्र साहेबांच्या सहीसाठी जातं आणि तिथेच राहतं.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. जी प्रणाली त्यानंच घेतली, तिच्यातली नोंद भरवशाची नाही हे त्यानंच कसं म्हणावं? अमेरिकेत सरकारी संस्थांमध्ये माहिती-तंत्रज्ञान प्रमुखाचं पद नव्वदच्या दशकापासून आहे. तरी जानेवारी २०१९मध्ये सही झालेल्या कायद्यानं तिथल्या केंद्रीय संस्थांना मुख्य डेटा अधिकारी वेगळा नेमायला सांगितलं. तो राजकीय नियुक्तीचा नसावा आणि त्याला डेटा-व्यवस्थापनाचा अनुभव असावा, हेही कायद्यातच आहे. आपल्याकडे स्मार्ट सिटी अभियानात शंभर शहरांनी शहर डेटा अधिकारी नेमायचे ठरलं, आणि बऱ्याच ठिकाणी तो असाच अतिरिक्त कार्यभार ठरला. अभियान ३१ मार्च २०२५ला संपलं. ज्या कामाला आस्थापनेवर स्वतःची जागा नसते, ते अशा वेळी कुणाच्या गळ्यात पडतं हे सरकारी नोकरीतल्या माणसाला सांगायला नको.

बाहेरचा तज्ज्ञ

मिहानमधल्या कंपन्यांतून किंवा पुण्याहून परतू पाहणाऱ्यांतून चांगला माणूस नागपुरात मिळतो. मानधन बाजारभावापेक्षा कमी असलं तरी घराजवळ राहायला मिळतं म्हणून काही जण येतातही. तो तीन महिन्यांत असं काहीतरी उभं करतो जे आपल्याला तीन वर्षांत जमलेलं नसतं.

आणि ते बहुधा डॅशबोर्ड असतं. एका कार्यालयातला असा डॅशबोर्ड मी पाहिला आहे. मोठा पडदा, नकाशावर हिरवे-लाल ठिपके, आणि एका भागाचा वसुलीचा आकडा कायम शून्य. त्या भागातले लोक कर भरत नव्हते असं नाही. तिथून आकडे यायचे ते सही-शिक्क्याच्या कागदाचं स्कॅन करून, आणि पीडीएफमधल्या फोटोतले आकडे प्रणालीला वाचता येत नव्हते. तज्ज्ञाला हे पहिल्या आठवड्यात कळलं होतं. पण ‘एक्सेलमध्ये पाठवा’ असा आदेश काढायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांना पाहुण्यांना दाखवायला पडदा पुरेसा होता.

कंत्राटी माणूस नस्तीवर अंतिम सही करत नाही, कुणाचा गोपनीय अहवाल लिहीत नाही, आणि अकरा महिन्यांनी मुदतवाढीसाठी ज्यांच्या दारात उभा राहतो त्यांच्याच नोंदी त्यानं चुकीच्या ठरवायच्या असतात. शिवाय नागरिकांच्या वैयक्तिक माहितीचा प्रश्न आहेच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माहिती बाहेर गेली तर जाब संस्थेला विचारला जाणार. कंत्राट संपवून गेलेला माणूस तेव्हा कुठे असेल कोण जाणे.

बाहेरचा माणूस यशस्वी झाल्याचं उदाहरण म्हणून शिकागोचं नाव घेतात. २०११मध्ये तिथल्या महापौरांनी ब्रेट गोल्डस्टीन यांना शहराचे मुख्य डेटा अधिकारी केलं, आणि ते हॉटेलात टेबल राखून देणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीत काम केलेले होते, हे खरंच. पण मधली काही वर्षं ते शिकागो पोलिसात होते आणि तिथेच गुन्ह्यांच्या आकडेवारीचा गट चालवत होते, हा भाग सांगायचा राहून जातो.

घरचा उपायुक्त

याला पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता येत नाही, बहुतेक वेळा एक्सेलचं पिव्होट टेबलही येत नाही. पण तो विभागप्रमुखांना आपल्या दालनात बोलावू शकतो, आणि ते येतात.

याची किंमत काय, ते २३ सप्टेंबर २०२३नं दाखवलं. त्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. अशा दिवशी पावसाचा आकडा हवामान खात्याकडे, तलावाची पातळी एकीकडे, नाल्यांचे नकाशे दुसरीकडे, आणि नुकसानीचे पंचनामे महसूल यंत्रणेकडे. पंचनाम्यातलं घर आणि कराच्या यादीतलं घर एकच आहे की नाही, हे मदत वाटताना शोधत बसायचं नसतं. ते आदल्या उन्हाळ्यात जुळवून ठेवायचं असतं, आणि त्यासाठी तहसील, महापालिका आणि नासुप्र यांच्या माणसांना एका टेबलाशी बसवावं लागतं. संगणकप्रमुखाच्या किंवा सल्लागाराच्या बोलावण्यावर ते बसणार नाहीत.

या पर्यायाला दोन रोग आहेत. पहिला बदलीचा. राज्याच्या २००५च्या बदली कायद्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ आहे, पण माणूस विषय शिकून घेतो तोवर दीड वर्ष गेलेलं असतं. दुसरा अधिक वाईट: हे पद ‘बाजूला टाकण्याची’ जागा होऊ शकतं. ज्याला कर किंवा नगररचना द्यायची नाही, त्याला डेटा द्या! असा नाराज अधिकारी आला तर संगणकप्रमुख परवडला.

तरीही माझं मत याच पर्यायाला. त्याच्या हाताखाली दोन माणसं मात्र हवीतच: अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून प्रतिनियुक्तीवर आलेला एक अधिकारी, आणि एक कंत्राटी अभियंता. कंत्राटी तज्ज्ञाची हुशारी इथे पूर्ण कामी येते, कारण सहीचं ओझं त्याच्यावर नसतं.

हे सगळं महापालिका, प्राधिकरण, जिल्हा परिषद अशा नागरिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयांना लागू. नागपुरात दुसऱ्या जातीच्याही संस्था आहेत: खनिजांची आकडेवारी छापणारा भारतीय खाण ब्यूरो, मातीचं सर्वेक्षण करणारा अमरावती रोडवरचा ब्यूरो, उपग्रहचित्रांवर काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र. तिथे डेटा हेच मुख्य उत्पादन. अशा ठिकाणी उपायुक्त छापाचा प्रशासक नेमणं म्हणजे वेळ घालवणं. विषयातला ज्येष्ठ वैज्ञानिकच हवा.

जन माहिती अधिकाऱ्यालाच हे काम द्यावं, अशीही सूचना कुठे कुठे येते. नको. त्याचं काम मागितलेलं देणं किंवा नाकारणं. नोंद बरोबर आहे का हे तपासणं त्याच्याकडे नाही.

उपायुक्ताचा पर्याय घ्यायचा तर आदेशात चार ओळी पाहिजेत. तो थेट आयुक्तांना किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जबाबदार. कुठल्याही विभागाकडून ठरावीक मुदतीत नोंदी मागवण्याचा त्याला अधिकार. त्याच्या अभिप्रायाशिवाय नव्या सॉफ्टवेअरची निविदा नाही. आणि तीन वर्षं दुसरा कार्यभार नाही. यातली तिसरी ओळ सर्वांत जास्त लोकांना खुपेल, मसुद्यातून तीच आधी गाळली जाईल, तिच्यासाठी भांडा.

या ओळी घालणं शक्यच नसेल तर घाईनं पद निर्माण करू नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ची सुरुवातच मुळी अभिलेखांची सूची करून ते संगणकीकृत ठेवण्याच्या कर्तव्यानं होते. कायदा २००५चा आहे. आपल्या कार्यालयात ती सूची आज कुठल्या कपाटात आहे, ते आस्थापना लिपिकाला विचारा आणि तिथून सुरुवात करा. त्याला नवं पदही लागत नाही आणि वित्त विभागाची मंजुरीही.